व्हरांड्यातलं टेबल

कुरखेडा, मे महिना, गुरुवार

आज हापिसात भेदभाव कसा टाळायचा याचं ट्रेनिंग झालं. आमचे हेडक्लार्क बडेबाबू उठून म्हणाले, "आपल्या इथी असं काईच नाई." अन् नोकरीले लागली तेव्हापासून माझं टेबल व्हरांड्यात. काऊन, तर मी मासोळ्या धरणाऱ्या ढिवराची पोरगी, बडेबाबूले माझ्या अंगाचा मासोळीचा वास येते. तरी त्यांच्या बोलण्याले सगळ्यायनं हो म्हणून माना हलवल्या.

मंग ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या, आता दुपारभर एकमेकांच्या जागेवर बसून पाहा. मी आधी हात वर केला. "बडेबाबू माझ्या टेबलावर बसतीन."

नुकतंच भाषण ठोकलं होतं, नाई कसं म्हणतीन? मी त्यांच्या खुर्चीत, कूलरसमोर बसली. खिडकीतून व्हरांड्यातले बडेबाबू दिसत होते. फायलीनं वारा घेऊन राह्यले, ऊन सरकलं तसं ते टेबल ओढून राह्यले. बाईनं समता शिकवली असन. मी बडेबाबूचा घाम पाह्यला, पोटभर.

संध्याकाळी मान पुसत आत आले. "उद्या तुह्यं टेबल आत घेऊ."

"घाई नाई बडेबाबू," मी म्हटलं. "आधी सांगा, वास आला का?"