उजवा कौल

४ ऑक्टोबर १९३०, शनिवार
महाडला कचेरीत अर्ज देऊन आलो. ठाण्याला जेल शिपायाच्या जागा. सत्याग्रहवाल्यांनी तुरुंग भरलेत, सरकारला माणसं हवीत. पलटण मोडल्यापासून अंगावर खाकी नाही. वाडीत 'हवालदार' म्हणतात ते आता चेष्टेने. ही जागा मिळाली पाहिजे. मिळालीच पाहिजे.
कारकुनाने विचारलं, "नात्यातलं कोणी आत आहे का?" नाही म्हणालो. तो हसला. का हसला? शंकर, सौ.चा धाकटा भाऊ, सरकारी जंगल तोडलं म्हणून ठाण्याच्या तुरुंगात बसलाय. पण मेहुणा म्हणजे काही रक्ताचं नातं नव्हे.

७ ऑक्टो.
फौजदाराने माझी चौकशी पोलिस पाटलाकडे सोपवली. म्हणजे गणपतकडे. भाऊबंदच, पण बांधावरून बोलणं बंद. आज आपण होऊन आला, हातात मोठी काकडी. "चांगलंच सांगन रे तुझं. वाडीचं नाव हाय त्यात." आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस. त्याच्या भाच्याने अर्ज केलाय का ते शोधून काढलं पाहिजे. काकडी खाल्ली. कडू नव्हती.

१० ऑक्टो., शुक्र.
अर्ज केल्यापासून सौ. घुम्म. आज आपणहून म्हणाली, "भैरीला कौल लावूया." गेलो. म्हादू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. म्हणाला, "वयनी, मनात धरा." ही हात जोडून उभी. मी म्हादूच्या अंगठ्यावर डोळा ठेवून. एक फूल तो हलकं लावतो, एक दाबून. मी पूर्वीही पाहिलंय.
उजवं पडलं, म्हणजे देवाचा होकार. हिच्या डोळ्यांत पाणी. परतताना ओवी गुणगुणत होती. माझ्या नोकरीची हिला एवढी खुशी? मी ठाण्याला गेलो की घर मोकळं, असं तर नाही? लिहिताना लाज वाटते. पण मनात आलं ते आलं.

१४ ऑक्टो.
महाड. कारकून: "मेहुणे ठाण्याला असतात हे बोलला नाहीत, हवालदार." प्रकरण वर साहेबांकडे गेलंय म्हणे. कोणी कळवलं ते सांगेना.
चवदार तळ्याजवळ भाकरीचं फडकं सोडलं. पायऱ्यांवर कोण कुठल्या जातीचा उतरतो ते बघत दोघे बसलेले. त्यांनी मला न्याहाळलं, मी त्यांना. भाकरी परत बांधली. हे गणपतचंच काम. दुसरा कोण?

१५ ऑक्टो.
गणपतला त्याच्या खळ्यात गाठला. तोंडाला येईल ते बोललो, काकडीचा विषयसुद्धा काढला. तो भात झोडत होता, थांबला नाही. शेवटी म्हणाला, "कळवलं मीच. पन माझ्या मनानं नाय. तुझी कारभारीन येऊन सांगून गेली, कळवा म्हनली. घरात इचार."

१६ ऑक्टो.
विचारलं. वाटलं रडेल, नाकारेल. चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.
"मीच सांगितलं. भैरीला इचारून."
"भैरीने उजवा दिला होता."
"दिला ना. तुमची नोकरी कुठं धरली होती मी मनात? तुमी शंकरच्या दारावर पहाऱ्याला उभं ऱ्हाऊ नये, ह्ये धरलं होतं."
कुंपणच शेत खातं. असा संताप आला की हातातला तांब्या अंगणात भिरकावला. गुरवाच्या अंगठ्यावर नजर ठेवली आणि शेजारी हात जोडलेल्या माणसावर नाही. ती शांतपणे म्हणाली, "त्यानं पानी मागितलं तर तुमी देशाल, का साहेबाच्या तोंडाकडं बघाल?"
देईन म्हणायला तोंड उघडलं. पण पलटणीत हुकूम म्हणून मी काय काय केलंय, ते मीच तिला सांगितलेलं. तांब्या उचलायला अंगणात गेलो.

२३ ऑक्टो., भाऊबीज
अजून अबोला. संध्याकाळी तिने अंगणात चंद्राला ओवाळलं. भाऊ असून. कोर दिसली न दिसली तोच डोंगराआड गेली. ही ताट धरून उभीच. मला आत बसवेना, बाहेरही गेलो नाही. तिच्यासाठी जीव तुटला. राग मात्र गेला नाही.

२७ ऑक्टो., सोम.
महाडहून बोलावणं. नकार ऐकायच्या तयारीने गेलो. कारकुनाने बसायला खुर्ची दिली, तेव्हाच ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.
"जागा मिळाली तुम्हाला. मेहुण्याचं साहेबांना कळलं, म्हणूनच मिळाली. आतले लोक तुमच्याशी मोकळं बोलतील. ते तुम्ही आम्हाला सांगत जायचं."
मी "होय साहेब" म्हणालो. कारकुनाला, साहेब.
जागा जावी म्हणून हिने तोंड उघडलं, आणि त्यानेच... घरी येऊन सगळं सांगितलं, आतल्या बातम्या पुरवायच्या तेही. ती एवढंच म्हणाली, "भैरी खोटा नाय पडायचा."

२९ ऑक्टो., बुध., सकाळ
आज निघायचं. पोलादपूरहून मोटार, दासगावहून बोट. बूट कालच पुसले.
हिने दोन गाठोडी बांधली. एकात माझ्या भाकऱ्या. दुसऱ्यात दिवाळीच्या करंज्या, शंकरसाठी काढून ठेवलेल्या.
"गेलाव तर ह्या त्याला द्या. नाय देता आल्या तर तशाच परत आना. मी काय इचारनार नाय."
तुरुंगाच्या फाटकावर झडती होते, नव्या शिपायाची आधी; कैद्यासाठी आणलेलं खाणं सापडलं की नोकरी गेली. हे तिला ठाऊक नाही, की ठाऊक आहे म्हणूनच दिल्या? आजवर ज्याच्या त्याच्या तोंडावर मन शोधत आलो. आज तिच्या तोंडावर काही दिसत नाही. बाकीच्यांवर नव्हताच, आता माझा माझ्यावरही भरवसा नाही.
मोटार चुकवायची नसेल तर उठायला हवं. एक बूट घालून झालाय.