गाडीतून न उतरलेली बाई

सोमवार, ३ मार्च १८३४

हरले! नाशपातीची बाग जोसायाची झाली. सख्खा भाऊ! शेवटच्या आजारात वडिलांना शुद्ध नसताना त्याने बागेच्या कागदावर त्यांची सही घेतली. चॅन्सरी कोर्टाचे न्यायाधीश विचारतात — साक्षीदार कुठे? साक्षीदार एकच, वडिलांना धरून बसलेली मोलकरीण टॅबिथा. तिला शोधायला मी एडविनलाच पाठवलं होतं. माझा जावईही तोच, वकीलही तोच. "ती अमेरिकेला गेली, आई," असं सांगत आला.

आज म्हणाला, "रडू नका. निकाल दफ्तरी चढेपर्यंत फेरसुनावणी मागता येते. मी हरकत नोंदवतो, म्हणजे तो महिनाभर चढणार नाही."

जावई असावा तर असा!

शनिवार, ८ मार्च

हरकत नोंदवली म्हणतो. बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

बुधवार, १९ मार्च

निकाल दफ्तरी चढला! मग हरकत कुठे गेली? "कारकुनाने घोळ घातला," म्हणाला. माझ्याकडे बघतही नव्हता. वर मीच त्याला धीर दिला, ताजी सायडर पाजली!

शुक्रवार, ४ एप्रिल

टॅबिथा इथेच आहे! ग्लॉस्टरच्या बाजारात मासळी विकते. शेजारणीने डोळ्यांनी पाहिली. एडविन घरी नव्हता, म्हणून मी एकटीच लंडनला बॅरिस्टर थ्रोगूडांकडे आले.

ते म्हणाले, "चढलेला निकाल कोर्ट सहजासहजी उघडत नाही. निकालातच उघड चूक दिसायला हवी. नाहीतर नवा पुरावा हवा — तुम्हाला किंवा तुमच्या वकिलाला आधी ठाऊक नसलेला, शोधूनही न सापडलेला."

मग हाच की तो! त्या रुक्ष माणसाला मी मिठीच मारणार होते.

मंगळवार, ८ एप्रिल

ग्लॉस्टर. टॅबिथाने हात पुसले आणि माझ्याकडे बघतच राहिली. "बाईसाहेब, आत्ता आलात? तुमचे जावई दोन उन्हाळ्यांपूर्वीच येऊन गेले की! मी म्हटलं, साक्ष द्यायला चालत येईन. तर म्हणाले, गरज नाही, गप्प बस."

"एकटाच होता?"

"गाडीत एक बाई होती. तोंडावर जाळी. खाली उतरली नाही."

जोसायाची बायको असणार. माझ्याच पैशाने गाडी करून!

गुरुवार, १० एप्रिल

थ्रोगूडांनी ऐकून चष्मा काढला. "वकिलाला ठाऊक ते अशिलालाही ठाऊक, असं कोर्ट धरतं. नव्या पुराव्याचं दार बंद."

मी जायला उठले. मग हळूच म्हणाले, "पण निकाल लबाडीने मिळवला असेल तर कोर्ट तो मोडतं. मात्र कोणी फसवलं ते नावानिशी, शपथेवर सांगावं लागेल. जमेल?"

एडविन लिडियाचा नवरा. माझ्या एकुलत्या एका लेकीचा संसार! तिला काय तोंड दाखवू? पण बाग माझी आहे. वडिलांनी मला दिलेली.

शनिवार, १२ एप्रिल

दुपारी लिडिया आली. शपथेचा कागद टेबलावरच होता. ग्लॉस्टरची हकीकत आणि जोसायाच्या नावाखाली नवऱ्याचं नाव तिने वाचलं. मी तिला जवळ घ्यायला उठले, तर मागे सरली.

"मामा बाग पुढे आम्हालाच देणार आहे, आई. त्या गाडीत मीच होते."

ती गेली. मी पुन्हा टाक उचलला आणि एडविनच्या नावापुढे 'आणि' लिहिलं.