दुपारची गोळी

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून हे पत्र. यात तुला मधेच तोडता येणार नाही, आणि मलाही तुझा श्वास ऐकू येणार नाही.

रिटायर झाल्यावर मी घरात बसून सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटेन, असं तू म्हणाली होतीस. तसं काही झालेलं नाही. हॉस्पिटलातली सिस्टरकी सुटली आणि मास्तरकी गळ्यात पडली. पेशंटच्या घरी सहायक पाठवणारी एक संस्था आहे. त्यांच्या सहायकांनी आजवर अंघोळ घालायची, कूस बदलायची, हाताला धरून चालवायचं, एवढंच. औषधाला हात लावायला बंदी. आता नियम बदललाय. नर्सनं नीट शिकवून, परीक्षा घेऊन, त्या त्या पेशंटपुरती परवानगी दिली तर त्यांना गोळ्या, पातळ औषधं, डोळ्यांचे थेंब देता येतील. इंजेक्शन मात्र नाही. आणि शिकवणारी नर्स म्हणजे मी.

वर्ग भरतो टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली हातोडा पडला की वर आमच्या वाट्या नाचतात. बारा बायका, दोन पुरुष. सरावाला गोड गोळ्या आणल्या होत्या, त्या पहिल्याच दिवशी संपल्या. पेशंटनं घेतल्या नव्हत्या, वर्गानं खाल्ल्या.

त्यातल्या एकीला सगळे हळूबाई म्हणतात. पन्नाशीची, उंच. पाकीट काढताना लेबल वाचते, गोळी काढताना वाचते, परत ठेवताना वाचते. बाकीचे हात धुऊन चहाला जातात तरी हिचं चालूच. तिला हसतात, तीही हसते, पण वेग काही वाढवत नाही.

आता मुद्द्याचं. या संस्थेची शाखा तुमच्या गावात आहे. तुझे मोजणीदार अर्धांगवायूनं पडल्यापासून दोन वर्षं तू उंबरा ओलांडला नाहीस. ड्रायव्हिंग स्कूलवाले अजून तुला विचारतात. सकाळपासून दुपार उलटेपर्यंत एखादी सहायक ठेवलीस तर?

मोजणीदारांना आठवण सांग. राग आला तर तो लिहून पाठव, लोभ तर तू न लिहिताही करतेस.

तुझी,
ताई


२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझ्याशी भांडता येईना, म्हणून भिंतीशी भांडले. भिंत तुझ्यापेक्षा समजूतदार निघाली.

ह्यांची तब्येत आहे तशीच. उजवा हात आणि पाय आखडलेले. बोलणं येतं, पण शब्द हुडकायला वेळ लागतो, आणि तोवर मीच तो सांगून मोकळी होते. औषधाचा त्रास अजिबात नाही. मी मऊ केळ्यात गोळी सरकवते, चमचा पुढे करते, हे तोंड उघडतात. शहाण्या मुलासारखे. जेवणानंतर झोपतात ते दिवे लागेपर्यंत. आजारानं माणूस थकतोच, असं सगळे म्हणतात. ज्यानं आयुष्यभर उन्हात साखळी धरून लोकांच्या जमिनी मोजल्या, त्याला आता खाटेपासून खिडकीपर्यंतचं अंतर जड जातं.

आणि तू म्हणतेस, परक्या बाईच्या हाती त्यांची औषधं दे! मी शेकडो लोकांना गाडी शिकवली. पण शिकाऊ माणूस चालवत असतो तेव्हा माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तुझ्या बायका एकट्या घरात शिरणार. तिथं दुसरा ब्रेक कुणाच्या पायाखाली? ज्यांनी काल गोड गोळ्या फस्त केल्या त्यांच्या?

नको ग ताई. माझं बरं चाललंय. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना सांग, माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

तुझ्या वर्गाला माझा नमस्कार. तुला मात्र नमस्काराबरोबर एक चिमटाही.

तुझी,
धाकटी


१८ जुलै

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, त्याला कारण घडलं. ते तुला सांगायचं की नाही यावर दोन दिवस घालवले.

वर्गातला भाग संपला आणि एकेकाला पेशंटच्या घरी पाठवून मी प्रात्यक्षिक घ्यायला लागले. हळूबाईला एका म्हाताऱ्या आजोबांकडे दिलं होतं. त्या दिवशी मी खाली दारातच त्यांच्या सुनेशी बोलत थांबले. वर मुलाला कामाला जायची घाई. त्यानं हळूबाईच्या डोक्याशी उभं राहून आटपा, आटपा असा धोशा लावला. जन्मात पहिल्यांदा बाईनं घाई केली. आजोबांना सकाळच्या ऐवजी रात्रीची रक्तदाबाची गोळी दिली. पाकीट परत ठेवताना लेबल वाचलं आणि हातातलं सगळं खाली ठेवून तिनं जिन्यातून मला हाक मारली. मी वर गेले तेव्हा ती आजोबांचा हात धरून बसली होती. चूक झाली, कोणती गोळी गेली, हे तिनं मुलासमोरच सांगितलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही दुपारपर्यंत दाब मोजत बसलो. आजोबांना काही झालं नाही. आमची दोघींची मात्र पाचावर धारण बसली होती.

मुलानं आकांडतांडव केलं. संस्थेचे मॅनेजर म्हणाले, बाईला आजच घरी पाठवा. मी म्हटलं, बाईला काढाल, पण ती चुकली म्हणून नव्हे, ती बोलली म्हणून. न बोलता पाकीट ठेवून दिलं असतं तर तुम्हाला कळलं असतं का? बाकीचे तेरा जण आज बघतायत. बोलणाऱ्याला घालवलंत की उद्यापासून सगळे गप्प राहायला शिकतील, आणि ते शिक्षण माझ्या शिक्षणापेक्षा पक्कं बसेल. मॅनेजरनी हळूबाईची फाईल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, ती कधीपासूनच माझी आहे. दारात गप्पा मारत थांबले ती मीच.

हळूबाईला मी प्रात्यक्षिक पहिल्यापासून करायला लावलं. शेजारी उभं राहून घाईही केली, मुद्दाम, तोंडाला येईल ते बोलून. बाईनं मान वर केली नाही. पुन्हा परीक्षा घेतली. पास झाली.

आता रागावायला सुरुवात कर. हळूबाईची लेक तुमच्या गावात असते, हळूबाई तिच्याकडे राहायला येतेय. मी शाखेला तुझा पत्ता दिलाय. आधी तिथल्या नर्सबाई येऊन मोजणीदारांची औषधं तपासतील, मग सोमवारपासून ती येईल. पटलं नाही तर आठ दिवसांत परत पाठव.

तिची चूक तुला कळवली नसती तरी चाललं असतं. पण मग मी तिला काय तोंडानं शिकवलं?

तुझ्या शिव्यांचीही आशीर्वादाइतकीच वाट पाहणारी,
ताई


५ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिव्या लिहिलेली दोन पत्रं फाडली. हे तिसरं.

ठेच लागलेला घोडा तू मलाच का विकलास, हे विचारायला फोन उचलला होता. तेवढ्यात नर्सबाई आल्या, मागोमाग तुझी हळूबाई. पहिला दिवस मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिला. तिनं एक चूक करावी आणि मी तिला हाकलावं, अशी मनोमन तयारी होती.

तिनं खुर्ची ओढली, ह्यांच्या समोर बसली, नाव विचारलं. दोन वर्षांत ह्यांना कुणी नाव विचारलं नव्हतं! हे शब्द हुडकत बसले. मी तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडे बघून नुसता हात वर केला. लागला वेळ, पण सांगितलं ह्यांनी, आडनावासकट. मग ही कसली गोळी, ती कशासाठी, असं एकेक सांगून तिनं गोळ्या त्यांच्या डाव्या हातात ठेवल्या. सकाळच्या सगळ्या गेल्या.

दुपारची, हातपाय सैल पडावेत म्हणून असते ती, तिनं पुढे केली आणि ह्यांनी मान फिरवली.

ताई, माझं डोकंच फिरलं. मी केळं घेऊन आले. इकडे आण, मी घालते, म्हटलं. तर ही म्हणते, त्यांना माहीत नसताना मी काही देणार नाही, आणि नको म्हणत असताना तर नाहीच. घर माझं, नवरा माझा, आणि ही मला सांगणार! मी खूप बोलले. ती ऐकून घेत होती, पण बघत ह्यांच्याकडे होती. मग तिनं त्यांना विचारलं, का नको? आणि पुन्हा गप्प बसली. इतका वेळ की केळं माझ्या हातात काळं पडायला लागलं.

हे म्हणाले, झोप. मग म्हणाले, दिवस जातो.

एवढेच शब्द. दुपारची ती गोळी घेतली की ह्यांचा अख्खा दिवस बुडायचा. आजारानं नव्हे, गोळीनं. मग मला का नाही सांगितलंत, असं मी ओरडले. तर म्हणाले, तू दमतेस. मी दमते म्हणून हा माणूस दोन वर्षं तोंड उघडत होता.

हळूबाईनं गोळी स्वतःच्या मनानं बंद केली नाही. नर्सबाईंना फोन केला, नर्सबाईंनी डॉक्टरांना. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी डोस कमी करून वेळ रात्रीची करून दिली. आज आठवडा झाला. काल दुपारी हे खिडकीत बसून समोरच्या बांधकामावरच्या माणसांना, भिंत वाकडी चाललीय, असं ओरडून सांगत होते. ती खरंच वाकडी होती.

बाईला ठेवून घेतेय. जास्त फुशारू नकोस.

तुझ्यावर रुसलेली, तरी तुझीच,
धाकटी


२ सप्टेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहितोय. ओळी चढतात, उतरतात. मोजणीदाराला शोभत नाही, पण चालवून घ्या.

तुमची बहीण सोमवारपासून कामावर जाते. पहिल्या दिवशी दारातून चार वेळा परत आली. हळूबाईंनी शेवटी आतून कडी लावून घेतली.

मी औषधं घेतो. काल एक घेतली नाही, पोट बिघडलं होतं. त्यांनी नर्सबाईंना कळवलं. नर्सबाईंनी विचारून सांगितलं, आज राहू द्या. कुणी रागावलं नाही.

परवा संध्याकाळी ही घरी आली. चप्पल काढायच्या आधी विचारलं, गोळ्या घेतल्या? मी म्हटलं, दुसरं काही विचार. काय विचारावं, तिला सुचेना.

मग बसली आणि स्वतःच सांगायला लागली. एक शिकाऊ बाई रिव्हर्स घेताना डोळे मिटून घेते. एकानं सिग्नलला गाडी बंद पाडली आणि उतरून मागच्यांची माफी मागितली. सांगता सांगता हिला हसू आवरेना. चहा दोनदा झाला. एका ठिकाणी तिला शब्द सापडत नव्हता. मी थांबलो. तिचा तिला सापडला.

दोन वर्षं हिनं माझी फार सेवा केली. परवा गप्पा मारल्या.

हात दुखला. आपला लोभ आम्हा दोघांवर आहेच, थोडा हळूबाईंनाही द्यावा.

आपला,
मोजणीदार