वाकड्या हाताची पिचर

अनसिंग, जि. वाशीम
११ जानेवारी २०२६

प्रिय रंजीता,

तुला जय सेवालाल, माझा जय भीम. पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच ठेवून देतेस, त्याची मला सवय झाली आहे. कागदाचं तसं नसतं. लिफाफा फोडलास की तू शेवटपर्यंत वाचणार, एवढी तरी मी तुला अजून ओळखते.

आईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण तिच्या जिभेला काही झालेलं नाही. परवाच विचारत होती, "थे तांड्यावरची पोरगी येत काहून नाही आता?" मी म्हटलं, ती अकोल्याला मोठ्या शाळेत खेळाची मास्तरीण झाली, तिला वेळ नसतो. आईला ते पटलं नाही. तूर सोंगून झाली. गोबीचा हंगाम ऐन भरात आहे, त्यामुळे आपल्या टीममधल्या निम्म्या मुली पहाटे वावरात असतात आणि दुपारनंतर मैदानात येतात.

तर टीमचं सांगते. आपलं मंडळ मुलींच्या बेसबॉलमध्ये लागोपाठ दोनदा फायनलला गेलं आणि दोन्ही वेळा हरलं. हरलेल्या माणसाला सल्ले फुकट मिळतात, तसे कोच म्हणून मलाही मिळाले. मंडळाचे अध्यक्ष आता हिरालालभाऊ आहेत. वाशीमच्या बाजारात त्यांची भाजीची अडत आहे. माणूस वाईट नाही. मुलींच्या बुटांपासून हेल्मेटपर्यंत सगळं त्यांनीच आणून दिलं. फक्त त्यांना खेळाडूही बोली लावायच्या हर्राशीतल्या मालासारखे निवडायचे असतात. लांब, सरळ, एकसारखी काकडी पहिल्या ढिगात, वाकडी दुसऱ्यात. आयुष्यभर ते हेच करत आलेत आणि त्यात त्यांची चूक क्वचित होते.

बॉल टाकणारी आपली पिचर सुप्रिया ही त्यांच्या मते दुसऱ्या ढिगातली.

तू तिला पाहिलेलं नाहीस. प्रयागबाईची धाकटी. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं वावर आहे, घरचे सगळे भाजीच करतात. गोबीची गाडी कशी भरतात ते तुला ठाऊकच आहे: एक जण खाली उभा, एक जण वर पिकअपमध्ये. खालच्यानं कमरेच्या बाजूनं हात आणून गड्डा वर फेकायचा आणि सोडताना मनगट असं फिरवायचं की वरच्याच्या हातात देठ आला पाहिजे, फुलाला ठेच लागता कामा नये. सुप्रिया लहानपणापासून खाली उभी राहते. तिच्या हातात बॉल दिला तेव्हा तिनं तो तसाच फेकला. खालून आला, वर चढला आणि बॅटवालीच्या प्लेटजवळ येऊन एका बाजूला सरकला. मी ग्लोव्ह घेऊन बसले होते, तरी चुकले. त्या दिवशी मी तिला काहीही शिकवलं नाही, दुसऱ्या दिवशी परत यायला तेवढं सांगितलं.

हिरालालभाऊंनी नागपूरहून एक पिचर आणायचं ठरवलं. एका हंगामाचा करार, राहणं-खाणं मंडळाकडे. मी म्हटलं, आधी बघू तरी. ती आली. उंच, देखणी फेक, हात खांद्यावरून सरळ. खरंच चांगली खेळते, उगाच नावं कशाला ठेवू? पण आपल्या मुलींनी तिचे बॉल मारले. मग तिच्या हातात बॅट देऊन समोर सुप्रियाला उभं केलं, तर तिची बॅट बॉलला लागेना. शेवटी तीच हसत सुप्रियाकडे गेली आणि मनगट कसं फिरवतेस ते दाखव म्हणाली. दोघी मैदानातच शिकवणी करत बसल्या.

आणि आपले अध्यक्ष काय म्हणाले असतील? "मॅडम, पोरगी आऊट तं करून राह्यली, पण पद्धत चुकीची हाय." मी हसले. नंतर कळलं की ते गंमत करत नव्हते. बैठकीत ठराव झाला. नागपूरच्या मुलीशी करार करायचा. सुप्रियाला राखीव ठेवायचं, आणि तिचा हात "सरळ करून" घेण्यासाठी शिकलेला, सर्टिफिकेटवाला कोच आणायचा. मला सहायक केलं. सहायक म्हणजे पाण्याचे कॅन आणि हजेरी, एवढं मला समजतं.

त्या कोचचं नाव हिरालालभाऊंनी मला पेढा देऊन सांगितलं. त्यांना वाटलं, जुनी मैत्रीण येतेय म्हणून मी नाचेन. पेढा तोंडात तसाच राहिला.

तर मला माहीत आहे, रंजीता. तू होकार दिलास हेही माहीत आहे. वर मी एवढं लांबण लावलं ते ही ओळ पुढे ढकलण्यासाठी. मला राग आला. कोचपद गेलं म्हणून थोडा आला, खोटं कशाला बोलू. पण खरा राग आला तो हात सरळ करायला त्यांना तूच सापडलीस याचा.

तुझा हात कसा होता ते गावात दुसऱ्या कुणाला आठवत नसेल. मला आठवतो, कारण तुझ्यासमोर प्लेटमागे कॅचर म्हणून मी बसायचे. तूही बाजूनंच फेकायचीस. मग ते बाहेरचे सर आले आणि त्यांनी तुला सरळ केलं. फेक दिसायला छान झाली. सकाळी तुला वेणी घालता येईना, ती मी घालून द्यायचे, आणि तू म्हणायचीस की झोपेत हात आखडला असेल. बुलडाण्याच्या फायनलला तुझे बॉल माझ्यापर्यंत पोचायच्या आधी जमिनीवर पडायला लागले. तू दात आवळून पुढचा फेकायला निघालीस. तेव्हा मी उठले, चालत तुझ्यापाशी आले, सगळ्यांसमोर तुझ्या हातातून बॉल काढून घेतला आणि सरांना सांगितलं की हिला बसवा.

आपण हरलो. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. तुझ्या लग्नाची पत्रिका आली, तीही तुझ्या भावाच्या हातून.

या पत्रात मी माफी मागेन असं तुला वाटत असेल, तर ती मिळणार नाही. मी तेव्हा केलं ते बरोबर केलं. पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा उठेन आणि पुन्हा बॉल काढून घेईन. तुला त्या दिवशी जिंकायचं होतं. मला तुझा हात शाबूत हवा होता.

आता जे सांगते ते हिरालालभाऊंना माहीत नाही. ठराव झाल्यापासून सुप्रियाचे बॉल हलके यायला लागले होते. मी तिच्या घरी गेले. प्रयागबाई भडकलेली होती. "हात तिचा हाय. घरचं काम करते त्या हातानं. थो सरळ कायले करता तुमी?" सुप्रिया मान खाली घालून बसली होती. आई आत गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, मी एकटीच सरळ फेकून पाहून राह्यली. जमते मले. फक्त सकाळी उठलं का हात वर होत नाही."

रंजीता, हे वाचणं तुला जड जाईल, म्हणूनच लिहिते. टीममध्ये राहता यावं म्हणून ती पोर स्वतःच स्वतःचा हात मोडायला निघाली आहे. तिला मी सक्त ताकीद दिली आणि वाशीमच्या डॉक्टरांना दाखवलं. अजून काही बिघडलेलं नाही, तिच्या सवयीनं फेकू द्या, असं ते म्हणाले. गाडी भरताना तिचा हात कधी दुखला नाही, मग मैदानातच का दुखावा, एवढं तर आपल्यालाही कळतं.

मुलींनी मला विचारलं, आपण वेगळी टीम काढायची का. सगळ्या तयार आहेत, नागपूरचीसुद्धा. मी अजून हो म्हटलेलं नाही. टीम फोडायची मला हौस नाही, पण गरज पडली तर मी मागे हटणार नाही, हे हिरालालभाऊंना तोंडावर सांगून आले आहे. ते म्हणाले, कोच येऊ द्या, ती म्हणेल तसं करू. म्हणजे आता सगळं तुझ्यावर आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ मांडते. कोचपद तू घे. मनापासून सांगते, घे. तुझ्याइतकं पिचिंग या जिल्ह्यात कुणाला कळत नाही. मी सहायक राहीन, पाण्याचे कॅन उचलीन, हजेरी घेईन, तुला सगळ्यांसमोर मॅडम म्हणेन. नागपूरच्या मुलीलाही ठेव, दोन पिचर असल्या तर चांगलंच. पण सुप्रिया तिच्याच हातानं फेकेल. त्यात काडीचाही बदल होणार नाही. तिचा हात खांद्यावर नेलास, तर मी सगळ्या गावासमोर मैदानात येईन, आणि या वेळी तुझ्याकडून तिला काढून घेईन.

येत्या रविवारी दुपारी आम्ही सगळ्या मैदानात आहोत. उत्तर लिहू नकोस, ये. प्लेटमागे माझ्या जागेवर बस आणि तिचा एक बॉल झेल. तुझ्याच हातून सुटलेला वाटेल. त्यानंतर कोच म्हणून काय बोलायचं ते तू ठरव.

तू बोलत नसलीस तरीही तुझी कॅचर,
प्रियदर्शनी