दीपगृहाखालची सहल

८ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्र तुला लिहितोय, पण डोळा भावोजींवर आहे, हे तू ओळखशीलच; म्हणून आधीच कबूल करतो. बाइंडिंगचं दुकान बंद करावं म्हणतोय. पुस्तकं शिवून, बांधून घेणारं गिऱ्हाईक आता औषधालाही उरलेलं नाही. शेजारचा चष्मेवाला जागा घ्यायला तयार आहे, पण त्याला महिनाअखेर उत्तर हवंय. दुकान भावोजींनी उभं केलं, पानं शिवायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या होकाराशिवाय मी कुलूप लावणार नाही.

फोनवर त्यांना ऐकू येत नाही. पत्रात विचारणं म्हणजे घरच्या माणसाला नोटीस धाडणं. दुकानात त्यांच्या कटिंग मशीनसमोर विचारायची माझी छाती नाही, आणि घरात आमच्या हिच्यापुढे कोणालाच काही विचारता येत नाही. तेव्हा सहल काढू.

जागा अशा : मोठ्या किनाऱ्यावर भोंगे आणि फुगेवाले. तळ्याच्या बागेत प्रत्येक बाकावर एक जोडपं आणि प्रत्येक जोडप्यावर एक पहारेकरी. जुन्या बुरुजावरून समुद्र झकास दिसतो. पायऱ्या चढल्यावर डोळ्यांपुढे काजवेही दिसतात. राहिलं दीपगृहाखालचं टोक. सपाट हिरवळ, बाक, आणि चिटपाखरू नाही. इतकी सुंदर जागा लोक का सोडतात, देव जाणे!

भावोजींना कारण सांगू नकोस. ते मीच सांगेन.

तुझ्या धाकात वाढलेला,
बारक्या

१५ जानेवारी

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

टोकच बरं. बुरुजावर यांचे गुडघे चढायचे नाहीत आणि तळ्याच्या बागेत तुझ्या बायकोची टीका ऐकत बसावं लागेल.

तुला वाटतं तितकं यांना बाहेर काढणं सोपं नाही. भाचीच्या लग्नात दिवसभर कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिले, तेव्हापासून माणसांत जायचं नाव काढत नाहीत. आता कानात मशीन बसवलंय. खोलीचं दार लावलं की लख्ख ऐकू येतं. परवा मी पुटपुटलेलंसुद्धा ऐकलं, म्हणजे सोय थोडी आणि पंचाईत फार.

पण तुझ्या सहलीचं कळल्यापासून गडी बदललाय. स्वतः शर्टाला इस्त्री केली. मला बारक्याशी एक बोलायचंय म्हणाले. काय ते विचारलं, तर म्हणे, ते आम्हा कारागिरांचं आहे! दुकानाचं विचारशील ते हळू विचार. त्यांचा जीव अजून तिथेच आहे.

माया आहेच, पण वेळेवर स्टेशनावर ये.
ताई

२ फेब्रुवारी

ती. भावोजींस, सा. न. वि. वि.

सहलीने फार बरं वाटलं. कागदी ताटल्या उडाल्या, त्यांच्यामागे आमची ही धावली, तेव्हा तुम्ही किती हसलात! ताई म्हणाली, असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तुमचे आभार कसे मानू? बाकावर बसल्यावर मी सगळं समुद्राकडे बघत बोललो, कारण तुमच्याकडे बघून जमलं नसतं. बोलून वळलो, तर तुम्ही मान डोलावत होतात. पाठीवर हात ठेवलात. छातीवरचा धोंडा उतरला. दुसऱ्याच दिवशी सही केली. मशीन भंगारात गेलं; न्यायला आलेले हमालही दमले. चष्मेवाल्याने मधली भिंत पाडायला घेतलीय.

तुम्हालाही काही बोलायचं होतं म्हणे. बोलला नाहीत. जरूर लिहा.

तुमच्या हाताखालचा,
बारक्या

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताईला अजून दाखवलेलं नाही.

या कानातल्या यंत्राला माणूस आणि वारा सारखेच. टोकावर पोचलो आणि कानात पिठाची गिरणी सुरू झाली. मी ते काढून खिशात टाकलं. तू इतक्या हौसेने जागा निवडलेली, सांगणार कसं? सगळे हसले की मी हसत होतो. तू समुद्राशी बराच वेळ बोललास. तोंड दिसत नव्हतं, खांदे पडलेले दिसले, म्हणून पाठीवर हात ठेवला. मान तर मी कशालाही डोलावतो. दोन वर्षं आमचा संसार त्यावरच चाललाय, आणि तुझी ताई म्हणते, पूर्वीपेक्षा बरा चाललाय.

तेव्हा दोष तुझा नाही. बहिऱ्याने बहिरेपण लपवलं, त्याची ही शिक्षा.

मला काय बोलायचं होतं, विचारलंस. मला पुन्हा दुकानात बसू दे, एवढंच. पानं शिवायला कान लागत नाहीत. मशीनचा खडखडाट सुरू झाला की तिथे कोणालाच काही ऐकू येत नाही, सगळे खुणांनीच बोलतात. त्या एका जागी मी चारचौघांसारखा होतो. बाकावर तीनदा तोंड उघडलं. पण आपला आवाज किती चढलाय ते मला आता कळत नाही, आणि मेहुण्याकडे काम मागायचं ते ओरडून, हे काही जमेना. घरी जाऊन निवांत लिहू म्हटलं. लिहायला बसलो, तर तुझं पत्र आलं.

पानं शिवायची लाकडी चौकट भंगारवाले नेत नाहीत. त्या भिंतीला टेकून असेल, तर भिंतीबरोबर जाण्याआधी काढून घे. नसेल, तर नाही असं सरळ लिही.

ताई आता विचारतेच आहे, बारक्याने काय लिहिलंय म्हणून. जागा फार आवडली म्हणतोय, असं तिला सांगतो.

राग नाही. लोभ होता तेवढा आहे.
भावोजी