आपली वीज आपल्या घरी

२ मार्च
निर्णय झाला. बाहेरची वीज बंद. अख्खं शहर एका वीजकेंद्रावर टांगून ठेवायचं म्हणजे सगळा धंदा एकाच सर्व्हरवर चालवायचा. ऑफिसात असं डिझाइन घेऊन कोणी आलं तर मी त्याला दारात उभं करणार नाही. आपला हात जगन्नाथ. गच्चीवर सोलर पॅनल, जिन्याखाली बॅटऱ्या, कंट्रोलचं सॉफ्टवेअर मी स्वतः लिहिणार. बायको म्हणाली, जुनं कनेक्शन राहू दे की अडीअडचणीला. म्हटलं, पळवाट ठेवली की माणूस मन लावून काम करत नाही. तिला तिच्या ओव्हनची काळजी. केकच्या ऑर्डरी घेते ती. चालेल तोही.

१९ मार्च, संध्याकाळ
वायरमन मीटर काढून घेऊन गेला. जाताना म्हणाला, परत हवा झाला तर अर्ज करा. हसू आलं. सगळ्या खोल्यांत आपल्या उन्हाचे दिवे. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं.

२७ मार्च
ढगाळ. ओव्हन आणि पाण्याचा पंप एकदम लागले, बॅटऱ्या उतरल्या. दोष सिस्टिमचा नाही, वापरणाऱ्यांचा. घरासाठी वेळापत्रक केलं. ओव्हन फक्त भर दुपारी. इस्त्री बुधवारी. लेकीच्या खोलीचा दिवा चुकून ‘बिनमहत्त्वाचा लोड’मध्ये गेलाय, वीज कमी पडली की आधी तोच बंद होतो. उद्या नक्की दुरुस्त करणार.

४ एप्रिल
ऑफिसात रिलीज. दिव्याचं काम राहिलं.

९ एप्रिल
मी मीटिंगमध्ये असताना घर बंद पडलं. फोन सायलेंटवर होता. सिस्टिम पुन्हा चालू करायचा पासवर्ड फक्त माझ्याकडे, सुरक्षेच्या दृष्टीनं. कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाचा केक अर्धा कच्चा राहिला, गिऱ्हाईक बायकोला नाही नाही ते बोललं. जेवताना ती म्हणाली, पूर्वी वीज जायची ती सगळ्या गल्लीची जायची, शेजारीपाजारी पायऱ्यांवर येऊन बसायचे. आता फक्त आपलीच जाते. मी समजावलं की तांत्रिकदृष्ट्या हा मोठाच फायदा आहे. ती ताटं उचलून आत गेली. पटलं असावं.

१० एप्रिल
पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजवर लावला.

१४ एप्रिल
नियमाप्रमाणे पासवर्ड बदलला. कागद बदलायचा राहिला. दुपारी पुन्हा तेच झालं.

२० एप्रिल
बायकोनं ओव्हन तिच्या बहिणीकडे हलवला. सुंठीवाचून खोकला गेला. आजचा वीजवापराचा ग्राफ बघण्यासारखा.

२३ एप्रिल
ती सकाळी बहिणीकडे जाते, दिवेलागणीला परत येते. बोलणं कमी झालंय. दमत असेल.

२ मे
लेकीची परीक्षा. तीही मावशीकडे राहायला गेली, आणि तिच्या सोबतीला बायकोही. परीक्षेपुरतंच. निघताना लेक म्हणाली, बाबा, तिथे दिवा लावायचा तर कुणाला विचारावं लागत नाही. टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

१६ मे
परीक्षा संपून आठवडा झाला. फोन केला. सांगितलं, नव्या व्हर्जनमध्ये ओव्हनचा नंबर पहिला, तुझा पासवर्ड वेगळा. बायको शांतपणे म्हणाली, मीटरचा अर्ज करशील तेव्हा कळव, आम्ही येतो. म्हटलं, फक्त एक आठवडा दे. तिनं फोन ठेवला. बरोबर, कामात असेल.

२४ मे
आठवडा झाला. अजून एक बग आहे. तो काढल्याशिवाय तिला काय दाखवणार?

२५ मे
मेहुणीनं फोन केला. लेकीचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय. हे मला मेहुणीकडून कळावं.

३० मे, दुपार
आज सकाळपासून सिस्टिम एकदाही बंद पडली नाही. मी म्हणत होतो ते सगळं खरं ठरलं. बॅटऱ्या जेवणाआधीच भरल्या आणि स्क्रीनवर आलं, वीज शिल्लक आहे, लोड वाढवा. सगळ्या खोल्यांतले दिवे लावले. पंखे लावले. इस्त्री लावली, बुधवार नसताना. पंपही चालू केला, टाकी भरून वाहिली. बॅटऱ्यांचा आकडा काही शंभर टक्क्यांवरून हलेना.

एका माणसाला लागते तरी किती वीज.