माझ्या नावाचं पेव

बुधवार, २४ एप्रिल १९४६. मुक्काम कुरणवाडी, सांगली संस्थान.

पोचले बाई एकदाची! गुरुजींनी वही देताना सांगितलं होतं, सुट्टीत रोज चार ओळी तरी लिहायच्या, आणि वर वार, तारीख, गावाचं नाव घालायचं. घातलं आहे. गुरुजी, 'संस्थान' हा शब्द कोणाला न विचारता लिहिला, तेवढं बघून ठेवा.

लोणंदला गाडीत बसले तेव्हा आमच्या वर्गातल्या सगळ्या बायका फलाटावर आल्या होत्या. म्हणाल्या, बनुबाई परमुलखाला निघाली, राजाच्या राज्यात, आता आमाला कशाला वळखतीया. मी म्हटलं, वळखीन की, पर आधी मुजरा करायचा! बासष्टाव्या वर्षी पाटी हातात घेतली तेव्हाही ह्याच हसल्या होत्या, आणि महिन्याभरानं ह्याच माझ्या मागं येऊन बसल्या.

मी जिच्या घरी आले ती हरणाबाई कोण, ते सांगायचं राहिलं. आमचा म्हाताऱ्यांचा वर्ग तसाच इथंही एक वर्ग आहे. दोन्हीकडचे गुरुजी एकमेकांच्या ओळखीचे. त्यांनी ठरवलं की ह्या वर्गानं त्या वर्गाला पत्रं लिहायची, म्हणजे हात वळेल. चिठ्ठ्या टाकल्या, मला हरणाबाई आली. दीड वर्षात तिची अकरा पत्रं आली. अक्षर हरभऱ्याएवढं, आणि शेवटी कायम एकच, सुट्टीला ये गं, चार दिवस राहा. आज पहिल्यांदा तोंड बघितलं. मला वाटलं होतं धिप्पाड असेल, तर निघाली वाळक्या शेंगेसारखी. गळ्यात पडून दोघी रडलो, मग कशाला रडलो म्हणून हसलो. स्टेशनवर न्यायला तिचा आप्पासो गाडी जुंपून आला होता. मावशी मावशी करतो, गुणाचा आहे. सून चंद्राबाई सातव्या महिन्यात आहे. मी आणलेली कांद्याची पाटी बघून म्हणाली, मावशी, वरीसभर रडवायचा बेत हाय व्हय?

आठ दिवस राहणार, एक तारखेला परत. एक तारीख म्हणजे एकच. दोन तारखेला दुपारच्या गाडीनं माझा नातू मानसिंग लोणंदला येतोय. चार वर्षं लढाईवर होता. त्याची आई तो दोन वर्षांचा असताना गेली, मीच वाढवला. पलटणीत गेला तेव्हा मी तापानं पडून होते, फलाटापर्यंतसुद्धा जाता आलं नाही. ते चार वर्षं टोचतंय. ह्या खेपेला गाडी थांबायच्या आधी मी तिथं उभी पाहिजे.

गुरुवार, २५ एप्रिल.

मी कांद्याच्या मुलखातली, हळद आपली फोडणीपुरती माहीत. इथं खळ्यात हळदीचे ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलेत. उकडलेली, वाळवलेली, घासून चकचकीत केलेली. मांजर पिवळं, दाराची कडी पिवळी, सकाळी दात घासून थुंकले तर तेही पिवळं!

एवढी हळद ठेवता कुठं, विचारलं. हरणाबाईनं पायाशी बोट दाखवलं. म्हणाली, तू तिच्यावरच हुबी हायस की.

खळ्याच्या पोटात पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजणच समजा. दोन पुरुष खोल, आत फुगीर, वर तोंड एवढंच की एक माणूस उतरावा. आतून उसाचं पाचट लावतात, हळद भरतात आणि तोंड मातीनं लिंपून टाकतात. मग वर्षानुवर्षं हळद तशीच राहते.

एका गोष्टीची मला लय गंमत वाटली. आपण गायीला नाव ठेवतो, तशी ह्या घरात पेवांना नावं आहेत. साळूबाई, ठकूबाई, गजराबाई. गावात दुसऱ्या कोणाकडं ही रीत नाही. बिननावाचं पेव सादळतं, असं हरणाबाई म्हणते. आणि नाव घरच्या बाईचं चालत नाही, पाहुणीचंच लागतं. ती पाहुणी पेवाच्या काठावर ओल्या मातीत अंगठा उठवते. पाहुणीला केवढा मान! आमच्याकडं पाहुणीला चहा मिळाला तरी पुष्कळ.

शुक्रवार, २६ एप्रिल.

आज गजराबाई उघडली. म्हणजे पेव. सकाळी केरबानं तोंडावरची माती फोडली. केरबा हा इथला जुना गडी, पेवात उतरणारा. तोंड उघडलं की लगेच उतरत नाहीत. आत वाईट हवा कोंडलेली असते, माणूस बसल्या जागी जातो. दुपारपर्यंत तसंच ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा, विझला नाही तर उतरायचं.

माती फुटली तेव्हा आतून आवाज आला. लांब, दमलेला, बाई डोक्यावरचा भारा उतरवून सोडते तसा. मी म्हटलं, ही कोण उसासा टाकते? केरबानं डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि हात जोडले.

हरणाबाईला विचारलं, ही गजराबाई कुठली? कडेगावची, चार दिसांसाठी आलती, म्हणाली. आता कुठं असते? ती कांदा चिरत होती, डोळे पुसत म्हणाली, हाय की. हितंच हाय.

जेवणवेळेला केरबा आडोशाला येऊन म्हणाला, आक्का, घरी तुमची वाट बगणारं कोण हाय का? मी मानसिंगाचं सगळं सांगितलं, त्याच्या पहिल्या दातापासून. तो म्हणाला, मग आजच्या सांजच्या गाडीनं जावा. मी म्हटलं, का रं बाबा, तुझ्या वाटणीची भाकरी खाल्ली का मी? तो हसला नाही.

शनिवार, २७ एप्रिल.

आजचा दिवस गुरुजींनी बघायला पाहिजे होता!

खळ्याच्या उगवतीला नवं पेव खणलंय. आप्पासो म्हणाला, मावशी, औंदा ह्याला तुमचं नाव द्यायचं का? मी वरवर नको नको म्हटलं, पण पदर केव्हाच खोचला होता. हरणाबाई म्हणाली, आजवर समद्या अंगठेवाल्याच आल्या. लिव्हनारी तू पैली.

काठावर मातीचा ओला गिलावा केला होता. मी गुडघे टेकून बोटानं लिहिलं. आधी बनुबाई. मग धन्याचं नाव, नाथाजी. ते असताना हे नाव कधी तोंडातून काढलं नाही, बायका काढत नाहीत, पण लिहायला कोण अडवतंय? माती उन्हातही गार होती. बोट खोल गेलं. शेवटच्या वेलांटीला तर आतून कोणी बोट धरून ठेवल्यासारखं झालं, ओढून काढावं लागलं. मी हसले. दुसरं कोणी हसलं नाही. चंद्राबाई उठून घरात गेली.

अक्षर मात्र सुरेख आलंय.

रविवार, २८ एप्रिल.

पेव भरायला सुरुवात झाली. वरून हळद ओततात, आत केरबा तुडवतो.

मी जोत्यावर बसले होते. आप्पासो ओरडला, बनुबाई गुडघ्याएवढी झाली! मी म्हटलं, अरे, काल मावशी होते, आज एकदम बनुबाई? तर तो पेवाबद्दल बोलत होता. लय हसले.

उठायला गेले तर पाय उचलेनात. दुखत नाहीत, जड. भरल्या पोत्यासारखे, गुडघ्यापर्यंत. गाडीतलं बसणं बाधलं असणार. हरणाबाईनं तेल चोळलं. चोळताना माझ्या तोंडाकडं बघत नव्हती.

सोमवार, २९ एप्रिल.

भूक नाही. सकाळपासून तोंडात घास घेतला नाही आणि पोट गच्च. खळ्यात म्हणतात, बनुबाई कमरेला आली. मीही कमरेपर्यंत जड.

नखं पिवळी झालीत. धुतली, राखेनं घासली. जात नाहीत.

चंद्राबाईला पाणी मागितलं. दोनदा मागितलं. ती माझ्या अंगावरून हात पुढं करून खुंटीवरचं लुगडं घेऊन गेली. पोटुशी बाई, ध्यान नसतं. पण केरबाचंही आज तेच. त्याला हाक मारली तर तो पेवाच्या तोंडाशी वाकून आत बघायला लागला.

मंगळवार, ३० एप्रिल.

ताट मांडलं नाही. कोणाला आठवण झाली नाही.

काठावरचं नाव पुसायला गेले. कशी गेले ते मलाच ठाऊक, भिंत धरून धरून. माती दगडासारखी वाळली आहे. दगड घेऊन ठोकली, तर माझ्याच छातीत कळ आली. उद्या एक तारीख. उद्या काहीही झालं तरी निघायचं. दोन तारखेला मानसिंग—

हात तेवढा हलका आहे. लिहिता येतंय. बाकी सगळं भरत चाललंय.

बुधवार, १ मे.

बोचकं घेऊन निघाले. खळ्याच्या कवाडापर्यंत गेले. एक पाऊल बाहेर टाकलं आणि श्वासच नाही. नाकतोंड पाचटानं भरल्यासारखं. आत आले, श्वास आला. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा रांगत गेले.

हरणाबाईनं ओढून आणलं. तिला मी अजून दिसते. भिंतीला टेकवून बसवलं आणि रडली. म्हणाली, दुखत न्हाई गं, भिऊ नगस. पूर्वी एक पेव बिननावाचं राहिलं, त्यानं तिची लेक नेली. मी म्हटलं, मग बुजवा की पेवं! म्हणाली, तेच बुजवायला गेलो, तवाच लेक गेली. आता सुनंच्या पोटात हाय, कुणाला तरी द्यावं लागतं. अंगठा चार वर्सांत मिटतो, मग पेव उघडावं लागतं, पाहुणी सुटती, दुसरी आणाया लागती. म्हणून साळंत गेली मी. लिव्हनारी पायजे हुती.

मी विचारलं, मग मी कधी सुटणार?

ती म्हणाली, तुजं अक्षर लय खोल गेलंय गं.

गुरुवार, २ मे.

दुपार झाली. लोणंदला गाडी आली असेल. उतरला असेल. इकडं तिकडं बघत असेल—

छातीपर्यंत आली हळद. थोडं थोडं लिहिते, मग थांबते. श्वास पुरत नाही.

हरणाबाई आज माझ्यासमोरून गेली. थांबली नाही.

शुक्रवार, ३ मे.

जोत्यावर दोघी बायका बसल्यात. आधी कधी दिसल्या नाहीत. पिवळ्या. साळूबाई आणि ठकूबाई असणार, अंगठ्यांना वाळली माती. त्यांना मी दिसते. सरकून मला जागा केली.

मी बसले नाही. बसणार नाही.

गळ्यापर्यंत—

शनिवार, ४ मे. आखिती.

आज तोंड लिंपणार. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त—

मानसिंग आला! कवाडातून आला. खाकी कपडे, खांद्यावर पिशवी, केवढा वाळलाय! गुरुजींकडून पत्ता घेतला म्हणतो. माझी आजी कुठं हाय, विचारतो. आप्पासो म्हणाला, त्या तर बुधवारच्याच गाडीनं गेल्या.

मी त्याच्या पुढ्यात उभी आहे. हाताच्या अंतरावर. सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय. हाक मारते, आवाज पेवातून येतो. त्यानं एकदा खाली बघितलं. ऐकलं का रं? ऐकलंस का—

आप्पासोचा पाय माझ्या नावावर.

मानसिंगाला फावडं दिलं. म्हणतात, लढाईवरनं आल्याला हात, पैली माती तुज्या हातानं पडू दे. नको म्हणाला. गाडी गाठायची हाय, आजी वाट बगत असंल म्हणाला. मग लाजला, आणि घेतलं. पाहुण्यानं मान मोडायचा नाही, मीच शिकवलं—

पाचट टाकलं. अंधार. हात चालतो अजून—

मानसिंग, बाळा, थांब. टाकू नको. मी खाली, मी हितंच—